चार खुंट आणि एक दगड

आमच्या आईला जगात दोनच प्रकारच्या जागा दिसत: जिथं केर आहे ती, आणि जिथला केर काढून झाला आहे ती. तिसरी जागा तिला माहीत नव्हती. धारवाडच्या धान्यबाजारात ती माल निवडायला, पाखडायला आणि शेवटी फरशी झाडायला जात असे. वडील गिरणीत होते, ते मी चौथीत असताना गेले, आणि त्यानंतर आमचं दोघींचं घर आईच्या सुपावर आणि केरसुणीवर चाललं.

त्या बाजारातला एक रिवाज इथं सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यातूनच झाला. माल पोत्यांत भरून गेला की फरशीच्या फटीफटीत जे दाणे राहत ते झाडणाऱ्या बाईचे. पण त्याबदल्यात फरशी अशी लख्ख करून द्यायची की मालक संध्याकाळी येऊन उभा राहिला तर त्याच्या धोतराला कोंड्याचा कण लागता कामा नये. लागला, तर दुसऱ्या दिवशी त्या बाईला बोलावणं नाही. काम संपलं याचा अर्थ जमिनीवर काही म्हणजे काहीही उरलं नाही, असं आईच्या आणि तिच्याबरोबरच्या बायकांच्या अंगातच मुरलं होतं.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आधीच्या सालीही तो आल्यासारखं करून गेला होता. दिवाळीपर्यंत बाजार ओस पडला. ज्वारी नाही, हरभरा नाही, शेंगा नाहीत. मालक लोक बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत. गाड्याच येत नव्हत्या तर झाडायचं काय? आई तरीही पहिले पंधरा दिवस रोज जात होती आणि रिकामी फरशी झाडून येत होती. मग एक दिवस ती घरी आली, केरसुणी दाराआड उलटी ठेवली आणि म्हणाली, "धूळ तेवढी राहिल्या बाजारात."

सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. कुठं रस्ता, कुठं खडी फोडणं, कुठं तळ्यातला गाळ काढणं. आठवड्याचं काम, आठवड्याला मजुरी आणि वर बाहेरदेशीची तांबडी ज्वारी. ती ज्वारी चवीला इतकी वाईट होती की आम्ही तिच्या भाकरीला नावं ठेवत ठेवत सगळी खात असू. पण कामावर घेताना जोडी बघत. नवरा कुदळ मारणार, बायको मातीची बुट्टी, म्हणजे पाटी, उचलणार. असा काही लेखी नियम होता असं मला वाटत नाही, पण न लिहिलेले नियम फार काटेकोरपणे पाळले जातात. आईबरोबरच्या अकरा बायकांपैकी कुणाचा नवरा वारलेला, कुणाचा गोव्याकडे गेलेला आणि तिकडेच राहिलेला, एकीचा घरीच होता पण नसल्यातच जमा. या बाराजणींना कामावर कोण घेणार?

आई पाच वेळा तालुक्याच्या कचेरीत गेली. सहाव्या वेळी तिथला ओव्हरशियर वैतागून म्हणाला, "गंडसर यारू इल्लेन?" म्हणजे तुमच्यात पुरुष कुणीच नाही का. आई म्हणाली, "पुरुष असते तर पाच वेळा मी कशाला आली असती?" हा ओव्हरशियर काटकुळा, कडक आणि विलक्षण स्वच्छ माणूस होता. त्या पाणीटंचाईतही त्याची पँट पांढरीशुभ्र असायची, आणि एवढ्या एका गोष्टीपायी आईच्या मनात त्याच्याबद्दल खोल आदर होता. त्यानं शेवटी हात टेकले. केलगेरीच्या पलीकडे एक लहानसं तळं होतं, त्यातल्या गाळाचा एक चौकोन त्यानं बायकांच्या टोळीला द्यायचं कबूल केलं. फक्त एक आठवडा. पुढच्या सोमवारी तो स्वतः येऊन माप घेणार. माप जोडीच्या टोळ्यांइतकं भरलं तर काम पुढे चालू, नाहीतर टोळी मोडायची आणि पुन्हा कचेरीची पायरी चढायची नाही.

या एका आठवड्यावर माझंही नशीब टांगलेलं होतं. मी मॅट्रिकला होते. मिरजेच्या मामानं माझ्यासाठी एक मुलगा बघून ठेवला होता, आणि त्याचं मोठं कौतुक म्हणजे तो रेल्वेत चिकटलेला होता. आईनं मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "हे काम टिकलं तर परीक्षेला बस. न्हाई टिकलं तर मे महिन्यात मिरज. मला दुसरं काय जमंना गे." मी तिच्यावर रागावले नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. मी फार रागावले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तेवढ्या काळात तिला ते कळलंही नाही, कारण ती कुदळीला दांडा बसवायच्या खटपटीत होती.

काम सुरू झालं त्या सोमवारी संक्रांतीनंतरचं कोरडं ऊन पडलं होतं. तळं म्हणजे भेगा पडलेला काळा गाळ. कचेरीच्या शिपायानं चुन्यानं चौकोन आखून दिला, आत चार ठिकाणी परातीएवढी वर्तुळं काढली, "एवढं सोडून खणा," म्हणाला आणि विडी ओढत पुढच्या टोळीकडे गेला. का सोडायचं हे त्यानं सांगितलं नाही. तळ्यात काम करणाऱ्या बाकी सगळ्यांना ते जन्मापासून माहीत होतं. शेजारच्या चौकोनात वडारांची टोळी होती. ते लोक मातीकामातच वाढलेले. खणून जमीन खाली गेली की मूळची जमीन किती उंच होती याची खूण राहावी म्हणून मातीचे खुंट मधे तसेच ठेवायचे आणि त्या खुंटांवरून खोली मोजायची, हे त्यांच्या पाच वर्षांच्या पोरांनाही ठाऊक असणार. आमच्या बाराजणींना सुपाच्या कानाकोपऱ्याचं ज्ञान होतं, पण हे नव्हतं.

आमच्या चौकोनाच्या मध्यावर एक दगड निघाला. पहिल्या दिवशी तो गाळातून वीतभर वर डोकावत होता, बगळ्यांनी घाण करून पांढरा झालेला. खणत गेलो तसा तो खाली खाली वाढतच गेला. बसलेल्या म्हशीएवढा होता. कुदळ त्याच्यावर आपटली की हात झिणझिणत. बायकांनी त्याला आठवडाभर दिलेल्या शिव्या मी इथं लिहू शकत नाही. आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई, जिला सगळ्या आज्जी म्हणत, ती तर रोज सकाळी आल्याआल्या त्याला एक लाथ घालायची आणि मगच कामाला लागायची.

खुंटांचा मात्र बायकांना भारी उपयोग झाला. भरलेली बुट्टी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. बाजारात पोत्यांच्या थप्पीवर बुट्टी टेकवून मग डोक्यावर घेता येई. इथं ते काम खुंटांनी केलं. बुधवारपर्यंत जमीन पुरेशी खाली गेली आणि खुंट बरोबर कमरेच्या खाली आले. बायका त्यावर बुट्टी टेकवत, चुंबळ सारखी करत आणि उचलत. सरकारनं आपली सोय बघून हे ठेवायला लावले, असं आज्जीनं जाहीर केलं. सरकारबद्दल चांगलं बोलताना मी तिला तेवढं एकदाच ऐकलं.

शनिवारी माझी सकाळची शाळा होती. दुपारी मी सगळ्यांच्या भाकऱ्या घेऊन तळ्यावर गेले. चौकोन जवळजवळ पुरा झाला होता. आई घागर घेऊन लांबच्या विहिरीवर गेली होती. बायकांचे हात सोलून निघाले होते, पण तोंडावर तेज होतं. शेजारच्या जोड्यांच्या टोळ्यांपेक्षा आमचा खड्डा उथळ नव्हता हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मी खाली उतरून पाहिलं. सगळीकडे सपाट, नीट, आणि मधे ते चार खुंट. एका जागचे दाणे झाडायचे राहून जावेत तसे ते मला दिसले. सोमवारी साहेब माप घ्यायला येणार आणि खड्ड्यात हे असं?

मी कुदळ उचलली. आईचीच मुलगी मी. पहिला खुंट तीन घावांत आडवा झाला. एवढं सोपं काम मला त्या वर्षात कुठलंच वाटलं नव्हतं. दुसरा पाडला, तिसरा पाडला, तोवर दोघीजणी बुट्ट्या घेऊन माती उचलायला लागल्या आणि आज्जीनं चौथ्यावर स्वतः हात चालवला. आता बुट्टी टेकवायची गरज उरली नव्हती, तर टेकू कशाला हवा? मग केरसुण्या निघाल्या. हो, केरसुण्या. त्या बायकांनी गाळ काढायच्या कामावर केरसुण्या आणल्या होत्या. अख्खा खड्डा त्यांनी झाडून काढला, तळ्याचा तळ, आणि त्यावर पावलांचे ठसे उमटू नयेत म्हणून मागं सरत सरत वर आल्या.

आई घागर घेऊन आली, काठावर उभी राहिली आणि बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी फार वेळा पाहिलं नाही. "खुंट कुणी काढलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मी." ती म्हणाली, "ब्येस केलंस." फक्त तो दगड तिला खुपत होता. वरचा भाग पांढरा, खालचा काळ्या गाळानं माखलेला. तिनं खाली उतरून केरसुणी मारून बघितली, गाळ निघेना. घासायला पाणी हवं होतं, आणि पाणी होतं एक घागर, बारा बायकांच्या घशाला. तिनं घागरीकडं बघितलं, दगडाकडं बघितलं आणि सुस्कारा सोडून वर आली.

तेवढ्यात शेजारच्या टोळीतला म्हातारा वडार आमच्या बाजूला डोकावला. त्यानं खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्य यव्वा, एन माडिद्री!" काय करून बसलात हे! मग त्यानं आम्हाला खुंट कशासाठी असतात ते समजावून सांगितलं. तो ओरडत नव्हता, हळू बोलत होता, आणि म्हणूनच ते ऐकणं जास्त कठीण गेलं. खुंट नाहीत म्हणजे खोली नाही. खोली नाही म्हणजे माप नाही. तळ्याचा तळ उतरता, त्यामुळे काठावरून दोरी धरून काही ठरवता यायचं नाही. काढलेला गाळ तर बांधावर सगळ्यांच्या गाळात मिसळून गेलेला. आठवडाभर बाराजणींनी काय केलं याला आता साक्षीदारच उरला नव्हता.

 मिरजेचं स्टेशन, रेल्वेत चिकटलेला तो न पाहिलेला मुलगा, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण त्याहून जास्त म्हणजे आज्जीचे सोललेले तळवे दिसले. मी केलं होतं हे. वाचता-लिहिता येणारी त्या सगळ्यांत मी एकटी.

रविवारी सकाळी आम्ही सगळ्या विहारात जमलो. वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, आणि बाकीचे लोक गेल्यावर ओसरीवर बायकांची बैठक बसली. एकीनं मार्ग काढला होता. आज तळ्यावर कुणी नसतं. जाऊन ओल्या मातीचे चार खुंट पुन्हा उभे करू, वर थोडं वाळलेलं गवत खोचू. थोडे उंचच करू, म्हणजे माप जास्तच भरेल. दुसऱ्या टोळ्याही खुंटांवर वरून माती थापून ते उंच करतात, असं तिनं ऐकलं होतं. बऱ्याचजणी मान हलवायला लागल्या. मीसुद्धा. मी तर गवत कुठून आणायचं इथपर्यंत पोचले होते.

"न्हाई," आई म्हणाली.

"का गे अक्का?"

"आत्ता आत बसून काय म्हटलंत? खोटं बोलणार न्हाई म्हटलंत न्हवं?"

त्यावर आज्जी शांतपणे म्हणाली, "बोलणार न्हाई म्हटलंय. बांधणार न्हाई असं कुठं म्हटलंय?"

सगळ्या हसल्या. त्या परिस्थितीत हसल्या, याचं मला आजही नवल वाटतं. आईसुद्धा हसली, पण तिनं आपलं सोडलं नाही. ती म्हणाली, आपण आठवडाभर खरं काम केलंय. खोटा खुंट सापडला तर ते खरं कामही खोटं ठरेल, आणि पुन्हा कुठल्या बायकांच्या टोळीला तो माणूस उभं करणार नाही. त्याला आधी खरं सांगू. मग त्याची मर्जी. एकीला ते पटलं नाही. ती रागानं पदर झटकून निघून गेली आणि जाताना म्हणाली, की खरं सांगून चूल पेटत नाही. तिला तीन लहान मुलं होती. तिचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

सोमवारी मी शाळा बुडवली. ओव्हरशियर सायकलवरून आला, वडारांच्या चौकोनाचं माप घेतलं आणि फीत गुंडाळत आमच्याकडे वळला. त्या बाराजणी आणि मी तेरावी, काठावर ओळीनं उभ्या. ती पदर झटकून गेलेलीही आली होती. आई पुढे झाली.

"साहेब, माप घ्यायच्या आधी एक सांगायचं हाय. खुंट आम्ही काढून टाकले. ते कशाला असतात ते आम्हाला ठावं न्हवतं. मीच सांगितलं काढायला."

मी तोंड उघडलं. आईनं मागे न बघता माझा हात पकडला आणि असा दाबला की बांगडी रुतली. 

ओव्हरशियर खड्ड्यात उतरला. झाडलेल्या जमिनीवर त्याच्या चपलांचे ठसे उठत गेले, तसतसे आईचे डोळे बारीक होत गेले. तो चारी बाजूंना फिरला. "झाडून काढलंय?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, "होय की." त्यानं हातातली फीत उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, "आता मी मोजू काय? आभाळ?" त्याचा आवाज चढला. कचेरीत कामासाठी लोक रांगा लावून बसलेत, वरच्या साहेबांशी भांडून मी ही टोळी घेतली, आणि तुम्ही मला कागदावर लिहायला एक आकडा ठेवला नाहीत, असं तो कानडीत आणि मराठीत आलटून पालटून बोलत होता. आई ऐकून घेत होती. आणि मला, ज्या माणसाचा मला इतका राग यायला हवा होता त्याची, थोडी दयाच आली, कारण तो खरोखरच अडचणीत सापडलेला दिसत होता.

बोलून दमला तेव्हा तो त्या दगडाला रेलून उभा राहिला. खिशातून कागद काढला, पेन काढलं. आता तो टोळी मोडल्याचं लिहिणार हे आम्हा सगळ्यांना कळलं. आज्जी खाली बसली. कुणीतरी हुंदका दिला. मग त्यानं पेनचं टोपण काढण्यासाठी अंग सरळ केलं, आणि आईच्या तोंडून किंकाळी म्हणावी असा आवाज आला.

त्याची पँट! मांडीपासून खाली दोन्ही पाय मागून काळेकुट्ट झाले होते. वर बर्फासारखी पांढरी, खाली गाळ. आई सगळं विसरली. टोळी विसरली, माप विसरली, मला विसरली. मालकाच्या धोतराला कोंडा लागला होता, एवढंच तिच्या डोक्यात उरलं. "अगं बाई, अगं बाई," करत ती धावत खड्ड्यात उतरली, पदराचं टोक ओलं करायला तोंडात घातलं, आणि आधी ती घाण जिथून लागली तो दगडच पुसून काढायला वाकली.

"मुट्टबॅड! हात लावू नका!"

तो इतक्या जोरात ओरडला की आई होती तिथंच थिजली. तिचा पदर दगडापासून चार बोटांवर होता. ओव्हरशियरनं मान वळवून आपली पँट पाहिली. मग दगड पाहिला. मग उकिडवा बसला आणि डोळे दगडाला लावून त्याच्याभोवती बदकाच्या चालीनं एक पूर्ण फेरी मारली. उन्हानं आणि बगळ्यांनी पांढरा झालेला वरचा भाग आणि गाळात बुडालेला काळा भाग यांच्यामधे, चारी बाजूंनी, एक स्वच्छ रेघ होती. मूळचा गाळ जिथपर्यंत होता, नेमकी तिथे. आम्ही आठवडाभर तिच्यासमोर काम केलं होतं आणि तेरा जणींपैकी एकीलाही ती रेघ म्हणून दिसली नव्हती.

त्यानं म्हाताऱ्या वडाराला हाक मारली. रेघ खरी आहे ना हे पडताळायला एका बाजूनं त्यांच्या खुंटाच्या माथ्यावरून आणि दुसऱ्या बाजूनं पलीकडच्या टोळीच्या खुंटावरून सुतळी ताणून धरायला लावली. सुतळी दगडापाशी आली ती रेघेच्या इतकी जवळ, की वडार मोठ्यानं हसला. ओव्हरशियर हसला नाही. त्यानं फीत लावली, वाकून आकडा पाहिला, पुन्हा फीत लावली, पुन्हा पाहिला, आणि कागदावर लिहिलं. मग आईला म्हणाला, "पुढचा चौकोन आजपासून. खुंट ठेवायचे. आणि उद्यापासून त्या केरसुण्या घरी."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं. मी काठावरच बसले. रडत होते की हसत होते हे मलाही सांगता आलं नसतं. आज्जी उठली, खड्ड्यात उतरली, दगडापाशी गेली. मला वाटलं नेहमीप्रमाणे लाथ घालणार, तर तिनं त्याच्या माथ्यावर हात ठेवला आणि गालगुच्चा घेतल्यासारखं केलं. रविवारी पदर झटकून गेलेली ती तीन मुलांची आई कुदळ घेऊन पुढच्या चौकोनाकडे निघालीसुद्धा होती. आई अजून पँटकडेच बघत होती. "साहेब, द्या मी धुऊन देतो," ती म्हणाली. त्यानं विचारलं, "पाणी कुठलं?"  पाणी असतं तर शनिवारीच तिनं तो दगड घासून आरशासारखा केला असता आणि आमचा एकुलता एक साक्षीदार धुऊन टाकला असता, हे तिला हळूहळू उमगत गेलेलं मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्या दुष्काळाचे मी एवढ्या एका बाबतीत उपकार मानते.

ते काम पाऊस लागेपर्यंत चाललं. त्या तळ्यावर पुढे बायकांच्या आणखी दोन टोळ्या उभ्या राहिल्या, आणि जोडी आहे का असं निदान त्या ओव्हरशियरनं तरी पुन्हा कुणाला विचारलं नाही. मी परीक्षेला बसले. पास झाले ते फार चमकून नाही, पण झाले. मामानं तो मुलगा दुसरीकडे खपवला.

पुढे मला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही हुबळीला विद्यानगरात खोली केली. बाजार अमरगोळच्या नव्या आवारात भरायला लागला तेव्हा आई तिकडे झाडायला जाऊ लागली; मी पगार आणते, आता कशाला जातेस, असं म्हटलं की ती म्हणायची, "तुझा पगार तू आण, माझी फरशी मी झाडतो." ऐंशीनंतर पुन्हा वाईट साल आलं तेव्हा मला हजेरी लिहायला दुष्काळी कामावर पाठवलं. तिथं शहरातून आलेल्या बायकांची एक नवीन टोळी होती. मी टेबल सोडून खड्ड्यात उतरले आणि खुंट कशासाठी असतात हे त्यांना दोनदा सांगितलं, एकदा कानडीत आणि एकदा मराठीत, आणि मग त्यांच्याकडून वदवून घेतलं. तिथला तरुण ओव्हरशियर म्हणाला, "मॅडम, हे तर सगळ्यांना माहीत असतं." मी टोळीकडून ते आणखी एकदा वदवून घेतलं.

त्यानंतर पाऊस चांगला झालेल्या एका वर्षी, रविवारी, मी आईला बसनं केलगेरीला नेलं. तिचे गुडघे गेले होते, पण पलीकडच्या तळ्यापर्यंत ती चालत आली. तळं बऱ्यापैकी भरलं होतं. पाणी आमच्या चौकोनापर्यंत चढलं होतं आणि आमचा दगड, आता अगदी कडेला वाटणारा, अर्धा पाण्यात होता. त्याच्यावर कुणीतरी कपडे धुऊन गेलं होतं. साबणाचा पांढरा ओघळ सुकला होता. रेघ कधीच गेली होती.

मला इतकी वर्षं एक विचारायचं होतं. म्हटलं, "आई, खोटा खुंट बांधायला तू नको म्हणालीस. आणि मग साहेबासमोर उभी राहून सरळ खोटं बोललीस. खुंट मी पाडले होते."

आईनं चपला काढल्या, पाण्यात दोन पावलं गेली आणि पदराचं टोक पाण्यात बुडवून तो साबणाचा ओघळ पुसायला लागली. सावकाश, वरून खाली, कानाकोपऱ्यासकट.

"बोलले," ती म्हणाली. "बांधलं तर न्हाई."

मग तिनं पदर पिळला, दगडावरून एकदा हात फिरवून बघितला आणि मला म्हणाली, चल, बस चुकेल.